नेट स्लो नव्हतं, शेठ

कळंब, ता. आंबेगाव, जि. पुणे

कॉम्प्युटर दुरुस्तीवाले शेठ,

या पत्रात तुमचं नाव नाही, दुकानाचंही नाही. मंचरपासून जुन्नरपर्यंतच्या बाजारपेठांत जे जे दुरुस्तीवाले मशीन उघडूनही न बघता एकच वाक्य ऐकवून पैसे घेतात, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. वाचताना तुम्ही स्वतःला ओळखाल. ते वाक्य तुमच्याच तोंडचं आहे : "नेट स्लो आहे."

यूट्यूबवरचा व्हिडिओ थांबत थांबत चालतो, तर नेट स्लो. आवाज पुढे आणि ओठ मागे, तर नेट स्लो. व्हिडिओ पडदाभर मोठा केला की चित्राच्या चिंध्या होतात, तर नेट स्लो. आणि पेनड्राइव्हवरून लावलेला व्हिडिओ अडखळला, तेव्हाही तुमचं उत्तर बदललं नाही. पेनड्राइव्हला नेट लागत नाही, शेठ. घरातली इंटरनेटची वायर उपटून टाकली तरी तो व्हिडिओ चालायला हवा. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर दुकानाच्या पाटीवर 'सर्व्हिस' हा शब्द लिहिण्याचा तुम्हाला अधिकार नाही. आणि ठाऊक असूनही तुम्ही तेच सांगितलं असेल, तर तुम्ही समोरच्या माणसाला सरळ फसवलंत.

तो माणूस आमच्या कळंबचा. घोडनदीच्या काठाला त्याचं रान आहे, कांदा आणि टोमॅटो करतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, सीईटीची तयारी करते. टोमॅटोला बरा भाव मिळाला त्या हंगामात त्याने तुमच्याकडून तिच्यासाठी कॉम्प्युटर घेतला. क्लासचे तास काही यूट्यूबवर, काही क्लासनेच दिलेल्या पेनड्राइव्हवर. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लागू लागला, तो तुमच्याकडे घेऊन आला. तुम्ही 'फॉरमॅट मारला', पाचशे रुपये घेतले, आणि त्या दिवसापासून एकही व्हिडिओ धड चालला नाही.

तो परत आला. तुम्ही मशीन चालूही न करता सांगितलंत, नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घ्या. त्याने घेतला. फरक पडला नाही. तुम्ही म्हणालात, राउटर जुना झालाय. तुमच्याच दुकानातून त्याने नवा राउटर घेतला. फरक पडला नाही. तिसऱ्या वेळी तुम्ही त्याला सांगितलंत की इकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिशमुळे नेट अडतं, त्याला इलाज नाही.

एवढ्यात तिकडे ती मुलगी काय करत होती ते ऐका. भौतिकशास्त्राचे सर फळ्यावर सूत्र सोडवत, आणि पडद्यावर त्यांचा हात एकदम पहिल्या ओळीवरून चौथ्या ओळीवर जाई. मधल्या दोन ओळी दिसतच नसत. मागे नेऊन पुन्हा लावलं तर दुसऱ्या दोन ओळी गायब. शेवटी वडील रानातून आल्यावर त्यांच्या फोनवर, तळहाताएवढ्या पडद्यावर, ती ते तास बघायची. फोनवर तेच व्हिडिओ त्याच घरात, त्याच नेटवर, विनातक्रार चालत होते. हे त्या माणसाने तुम्हाला सांगितलं होतं. एवढ्या एका वाक्यात तुमच्या निदानाचा निकाल लागत होता. तुम्ही ते ऐकून घेतलं नाहीत.

मी तो कॉम्प्युटर पाहिला. त्यासाठी पेचकसही लागला नाही. पडदा दिसल्या दिसल्या एक गोष्ट खटकली : सगळी अक्षरं फुगलेली, सरांचा चेहरा आडवा ताणलेला. पडद्याची खरी मापं मशीनला कळत नव्हती. विंडोजचं आणि एक्सचं बटण एकत्र दाबलं, डिव्हाइस मॅनेजर उघडला, डिस्प्ले अ‍ॅडाप्टरवर टिचकी मारली. तिथे लिहिलं होतं : 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर'. तुमचा गुन्हा त्या एका ओळीत नोंदलेला आहे.

तुम्हाला तो समजावा, आणि हे पत्र वाचणाऱ्या गिऱ्हाइकालाही समजावा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फुल एचडी म्हणतात त्या चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट. सेकंदाला अशी ३० चित्रं. गुणाकार केला तर दर सेकंदाला सुमारे १८७ मेगाबाइट भरतात, नेटच्या भाषेत जवळजवळ दीड गिगाबिट. एवढी माहिती जशीच्या तशी कोणी पाठवत नाही. ती दाबून, आवळून, साधारण तीनशेव्या हिश्शावर आणली जाते. म्हणून तर यूट्यूब फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि ७२० च्या चित्रासाठी अडीच एमबीपीएस वेग पुरेसा मानतं. त्या शेतकऱ्याच्या घरात याहून कितीतरी जास्त वेग पहिल्या प्लॅनवरच येत होता. तुम्ही मोबाइलवर वेग तपासायला एक मिनिट दिलं असतं तरी ते दिसलं असतं.

खरं काम पुढे असतं. आवळून आलेली ती माहिती कॉम्प्युटरने दर सेकंदाला तीस वेळा उलगडून पुन्हा पूर्ण चित्र उभं करायचं. गेल्या पंधरा वर्षांत बनलेल्या बहुतेक प्रोसेसरांच्या आत, किंवा ग्राफिक्स कार्डावर, फक्त ह्याच कामासाठी वेगळी जागा राखलेली असते. इंटेलने आपल्या प्रोसेसरांत २०११ मध्ये दुसऱ्या पिढीबरोबर ती आणली आणि तिला क्विक सिंक असं नाव दिलं. ती यंत्रणा जागी असेल तर व्हिडिओ चालताना प्रोसेसरवर फारसा भार येत नाही. पण तिला जागं करतो तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर. तोच बसवला नाही तर विंडोज पडद्यावर काहीतरी दिसावं एवढ्यापुरता स्वतःचा कामचलाऊ ड्रायव्हर लावतं. त्याचं नाव वर लिहिलंय. त्याला व्हिडिओ उलगडण्याची ती राखीव जागा वापरता येत नाही. मग सगळा बोजा प्रोसेसरवर पडतो, तो दमतो, वेळेत तयार न झालेली चित्रं टाकून देतो. सरांच्या दोन ओळी तिथे हरवल्या.

विहिरीला पाणी भरपूर आहे, मोटर चालू आहे, पण फुटव्हॉल्व्ह अडकल्यामुळे शेतात पाणी येत नाही. अशा वेळी तुम्ही त्या शेतकऱ्याला विहीर आणखी दोन परस खोल खोदायला लावलीत. आणि खोदाईचे पैसे घेतलेत.

ड्रायव्हर तुमच्या हातून नुसता राहून गेला असता, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. घाईत माणसाकडून राहतं. पण विंडोज १० ची रचनाच अशी आहे की कोणी ड्रायव्हर विसरला तरी नेट जोडलं की विंडोज अपडेट आपणहून तो शोधून आणून बसवतं. तासाभरात, फार तर दिवसाभरात. या मशीनवर ते महिनोन्महिने झालं नाही, कारण तुम्ही पेनड्राइव्हमधून जे विंडोज टाकलंत ते चोरीचं, कुणीतरी कापून 'लाइट' केलेलं होतं. त्यात अपडेट कायमचं बंद करून ठेवलेलं होतं. अपडेट चालू राहिलं तर चोरी उघडी पडेल म्हणून. परवाना खरा आहे असं विंडोजला भासवणारा एक अ‍ॅक्टिव्हेटर होता. तो बसावा म्हणून तुम्ही विंडोजची स्वतःची सुरक्षाही बंद केली होतीत. त्या जागी मुदत संपलेला एक चाचणीपुरता अँटीव्हायरस दर थोड्या वेळाने पैसे मागत होता. ज्या यंत्रावर त्या घरातले लोक बँकेचा पासवर्ड टाकतात आणि मुलीचे परीक्षेचे फॉर्म भरतात, त्याची दारं तुम्ही उघडी टाकून आलात.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ६३-ब कलमाखाली संगणक प्रणालीची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितलाय. त्या शेतकऱ्याला हे ठाऊक नव्हतं, कारण तुम्ही त्याला ठाऊक होऊ दिलं नाहीत. त्याने विचारलं होतं, "ओरिजनल आहे ना?" तुम्ही हो म्हणालात.

आणि फॉरमॅट मारण्यापूर्वी तुम्ही डेस्कटॉपवरच्या फाइलींची प्रत काढली नाहीत. मुलीने वर्षभर टाइप केलेल्या टिपणांची फोल्डरं गेली. शेतकऱ्याच्या आईचे शेवटच्या आजारपणाआधीचे फोटो गेले. "सी ड्राइव्हला काही ठेवायचं नसतं," असं तुम्ही वर त्यालाच सुनावलंत. शेठ, ते कोणी त्याला आधी सांगायला हवं होतं? ज्याने मशीन विकलं त्याने. कॉम्प्युटर सावकाश चालू होतो याला फॉरमॅट हा पहिला इलाज नसतोच. सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद करायचे, हार्डडिस्कची प्रकृती तपासायची, जमत असेल तर जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी टाकायची. यातलं काही न करता तुम्ही घर साफ करायला घरच पेटवलंत.

आता तुम्ही काय करू शकला असता ते सांगतो. यातली एकही गोष्ट अवघड नाही, एकीलाही पैसा लागत नाही.

यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना त्यावर माउसचं उजवं बटण दाबायचं आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडायचं. कोपऱ्यात एक काळा चौकोन उघडतो. त्यात 'बफर हेल्थ' म्हणजे पुढच्या किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच येऊन पडलाय, आणि 'ड्रॉप्ड फ्रेम्स' म्हणजे किती चित्रं टाकून द्यावी लागली. बफर शून्याकडे घसरत असेल आणि व्हिडिओ थांबत असेल, तर दोष नेटचा. बफर वीस-तीस सेकंद भरलेला आहे आणि तरी टाकलेल्या चित्रांचा आकडा भराभर चढतोय, तर दोष मशीनचा. त्या मुलीच्या पडद्यावर बफर गच्च भरलेला होता आणि टाकलेल्या चित्रांचा आकडा थांबायला तयार नव्हता. तुमचं वाक्य खोटं आहे हे यूट्यूब स्वतः लिहून दाखवत होतं.

दुसरी तपासणी टास्क मॅनेजरची. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून त्यात ग्राफिक्सचाही आलेख दिसतो आणि त्यात 'व्हिडिओ डिकोड' असा वेगळा चौकोन असतो. व्हिडिओ चालू आहे, तो चौकोन सपाट आहे आणि प्रोसेसर शंभराला टेकलाय, तर राखीव यंत्रणा झोपलेली आहे. तिच्या मशीनवर तर ग्राफिक्सचा आलेखच उमटत नव्हता. तिसरी तपासणी आधीच सांगितली : नेट बंद करून मशीनमधलाच व्हिडिओ लावायचा.

मग मी मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर उतरवला, बसवला, मशीन बंद करून चालू केलं. चेहरे सरळ झाले. पेनड्राइव्हवरचा तोच तास लावला तर शंभराजवळ घुटमळणारा प्रोसेसर विसाच्या खाली आला. जुना प्लॅन असता, जुना राउटर असता, तरी हेच झालं असतं. ती मुलगी काही बोलली नाही, वही काढून लिहायला बसली. वडिलांनी मात्र विचारलं, "मग राउटर कशाला घ्यायला लावला?" त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

तरीही यूट्यूबवरचं फुल एचडी मधूनच अडखळत राहिलं, आणि त्याचं कारण तुमच्या विक्रीत आहे. "आय-फाइव्ह आहे" एवढंच सांगून तुम्ही ते मशीन विकलंत. आय-फाइव्ह कितव्या पिढीचा, हे सांगितलं नाहीत. तो चौथ्या पिढीचा निघाला, म्हणजे २०१३ सालच्या घडणीचा. पुण्यातल्या ऑफिसांनी मोडीत काढलेली ही मशीनं झाडूनपुसून तालुक्याच्या गावात येतात. ती विकण्यात पाप नाही. गरजू मुलाच्या हाती स्वस्तात चालता कॉम्प्युटर पडतो, ते चांगलंच आहे. पण वय लपवून विकणं ही फसवणूक आहे. त्या पिढीच्या चिपला २००३ मध्ये आलेला एच.२६४ हा जुना प्रकार उलगडता येतो. यूट्यूब मात्र ब्राउझरला बहुतेक वेळा व्हीपी-९ देतं, जो २०१३ चा, आणि आता २०१८ च्या एव्ही-१ चाही वापर वाढलाय. व्हीपी-९ पूर्णपणे चिपमध्येच उलगडायची सोय इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आली, आणि एव्ही-१ ची अकराव्यापासून. यावरही उपाय आहे : यूट्यूबकडून एच.२६४ च मागून घेणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन, किंवा सरळ व्हिडिओ ७२० वर लावणं. फळ्यावरची अक्षरं ७२० वर स्वच्छ वाचता येतात. आम्ही तेच केलं. हे तुम्ही मशीन विकतानाच दोन वाक्यांत सांगू शकला असता.

तेव्हा हेही सांगायचं होतं की चौथ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. लिनक्स फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि अशा मशीनवर चांगलं चालतं. तुम्ही ते शिकलात तर तुमचा धंदा बुडणार नाही, वाढेल.

लग्नाच्या व्हिडिओचीही तीच गत तुम्ही करता. नव्या फोनवर काढलेलं चित्रीकरण पुष्कळदा एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ या प्रकारात असतं. त्यात कुणी ४के चित्रीकरण केलं, तर ठिपके फुल एचडीच्या चौपट. जुन्या मशीनवर ते नीट चालणं सहसा जमत नाही. तुम्ही त्यावर एकावर एक कोडेक पॅक चढवता, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि मग आधी चालणारे व्हिडिओही बंद पडतात. सगळे पॅक काढून एकटा व्हीएलसी ठेवला तर निम्म्या तक्रारी मिटतात, कारण त्याला लागणारे कोडेक त्याच्या पोटातच असतात. २०२२ मध्ये व्हीएलसीचं मूळ संकेतस्थळ भारतात काही महिने उघडत नव्हतं, नोव्हेंबरात ते पुन्हा उघडलं. त्या काळात तुम्ही कुठल्याकुठल्या जागेवरून उतरवलेली प्रत अजून तुमच्या पेनड्राइव्हमध्ये असेल तर ती आज पुसून टाका. आणि मूळ व्हिडिओच जड असेल तर हँडब्रेक नावाचा फुकटचा प्रोग्राम तो एच.२६४ मध्ये, हलक्या मापात बदलून देतो. नवरा-नवरीच्या घरच्यांना हे करून द्या आणि त्याचे पैसे घ्या. ते पैसे कष्टाचे असतील.

धुळीचंही बोलायला हवं. आमच्याकडे उन्हाळ्यात कांद्याच्या चाळी भरायच्या दिवसांत घरात पापुद्रे उडतात, महामार्गाची धूळ वर्षभर असतेच. कॅबिनेटच्या पंख्यावर तिची गोधडी बसते. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो, आणि व्हिडिओ दहा मिनिटं नीट चालून मग अडखळू लागतो. हे लक्षण तुम्हाला शंभर गिऱ्हाइकांनी सांगितलं असेल. ब्लोअर तुमच्या दुकानात टेबलाखाली पडलेला असतो.

खोडदच्या दुर्बिणीला मात्र यात ओढल्याबद्दल मला तुमचा खरा संताप आला. जीएमआरटी ही आपल्या भागात उभी असलेली जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी ती उभारली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, वाय अक्षराच्या आकारात पसरलेल्या. ती लहरी सोडत नाही, फक्त टिपते. आपल्या आजूबाजूच्या लहरींचा त्रास तिला होतो, तिचा कुणाच्या फायबरच्या वायरीला होत नाही. कळंबच्या मुलीला सीईटी देऊन उद्या तिथे काम करावंसं वाटू शकतं. तुम्ही तिच्या वडिलांच्या मनात त्या दुर्बिणीबद्दल राग भरलात, का तर तुम्हाला डिव्हाइस मॅनेजर उघडायचा कंटाळा आला.

नेट खरोखर स्लो असतं ते कुठे, हेही तुम्हाला माहीत आहे. याच तालुक्यात पश्चिमेला, डिंभे धरणाच्या मागे, आहुप्याकडच्या डोंगरकपारीत, जिथे फोन लागावा म्हणून माणसांना टेकाडावर चढावं लागलंय. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अशाच गावांतल्या मुलांचा विचार करून एमकेसीएलने 'टिलीमिली' ही मालिका बनवली आणि त्या जुलैत ती दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. घरात टीव्ही असेल तर नेट असो नसो, धडा दिसायचा. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमागचे दीक्षा अ‍ॅपवरचे व्हिडिओ त्याच मुलांना उघडत नव्हते. ती खरी अडचण आहे. तिच्यासाठी टॉवर, फायबर आणि सरकार यांच्याशी भांडावं लागतं, आणि ते भांडण लोक अजून भांडताहेत. तुम्ही मात्र ड्रायव्हर नसलेल्या, धूळ खाल्लेल्या, वय लपवलेल्या प्रत्येक मशीनवर हाच शिक्का मारत सुटलात. परिणाम असा की आज कोणी आहुप्याहून येऊन "आमच्याकडे नेट चालत नाही" म्हणालं तर ऐकणारा मान हलवून गप्प बसतो, सगळीकडेच स्लो आहे म्हणून. ज्यांची तक्रार खरी आहे, त्यांची तक्रार तुम्ही पातळ करून टाकलीत.

तुमच्या अडचणी मला दिसतात. गिऱ्हाईक घासाघीस करतं, परवान्याचे पैसे द्यायला तयार नसतं, दुरुस्तीला दिलेलं मशीन तासाभरात मागतं, पाचशेत भाडं आणि पोराचा पगार भागत नाही. हे खरं आहे. मग पाचशे ऐवजी आठशे मागा, आणि त्या बदल्यात काय केलं ते कागदावर लिहून द्या : कुठली पिढी, किती रॅम, कुठला ड्रायव्हर, विंडोज परवान्याचं की नाही, फाइलींची प्रत काढली की नाही. टोमॅटोची प्रतवारी करून क्रेट भरणाऱ्या माणसाला असा कागद समजतो आणि त्याचे पैसे द्यायला तो कुरकुर करत नाही. अंदाज विकत घेण्याची त्याला सवय नाही, ती तुम्ही लावताय.

आता मागणी. राउटर परत घ्या आणि त्याची पूर्ण रक्कम द्या. तो तुमच्या चुकीच्या निदानावर विकला गेला. फॉरमॅटचे पाचशे परत करा. मशीन कितव्या पिढीचं आहे ते पावतीवर लिहून द्या. चोरीचं विंडोज काढा. त्या जागी एकतर परवान्याचं विंडोज स्वखर्चाने टाका, नाहीतर लिनक्स बसवून मुलीला तासभर शिकवा. आणि जुनी हार्डडिस्क अजून तिच्याच मशीनमध्ये आहे, तिच्यावरून गेलेले फोटो आणि टिपणं परत मिळतात का हे एका चांगल्या प्रयोगशाळेत तपासायचा खर्च तुम्ही करा. नवं काही टाकायच्या आधी हे करायचं, कारण डिस्कवर जितकं नवं लिहिलं जाईल तितकं जुनं मिळण्याची आशा कमी. म्हणून आम्ही तो कॉम्प्युटर सध्या बंद ठेवलाय आणि मुलगी माझ्या लॅपटॉपवर तास बघते.

येत्या पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष सेवेची तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईल. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करू. तक्रारीचा मसुदा त्या मुलीनेच लिहिलाय, तारखा आणि रकमांसह. राउटरची पावती, फॉरमॅटची पावती, डिव्हाइस मॅनेजरचा फोटो आणि यूट्यूबच्या त्या काळ्या चौकोनाचा फोटो, चारही कागद या पत्रासोबत जोडले आहेत.

कळंबचा एक रहिवासी